नीरक्षीरविवेक : रक्त गाळण्याच्या विद्येची वाटचाल

आपल्या शाळेच्या साठ वर्षांचा वृत्तांत या हीरक महोत्सवी स्मरणिकेत अन्यत्र आलेलाच आहे. शाळेची एक एक तुकडी बाहेर पडत होती त्याच साठ वर्षांत वैद्यकशास्त्रात एक विद्या रांगायला, चालायला आणि मग घरोघरी ओळखीची व्हायला शिकली. रोग्याचे रक्त देहाबाहेर काढायचे, त्यातील नको ते गाळून टाकायचे आणि हवे ते सुखरूप परत करायचे, ही ती विद्या. ‘डायलिसिस’ हा शब्द आज सिहोऱ्याच्या बाजारपेठेत कोणालाही नवा नाही. प्रत्येकाच्या नात्यागोत्यात, निदान ओळखीपाळखीत, आठवड्यातून दोनदा-तीनदा यंत्राला जोडून घेणारा कोणी तरी असतोच. परंतु याच विद्येची एक धाकटी शाखा अद्याप फारशी परिचित नाही. मूत्रपिंडाचा विकार झालेल्या रुग्णाच्या रक्तातील कोलेस्टेरॉल गाळून काढणारी ही शाखा होय. ती कशी जन्मली, कोणाच्या उपयोगी पडते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घ्यायचे तर आधी थोरल्या शाखेचा इतिहास पाहावा लागतो.

दूध आणि पाणी एकत्र केले असता हंस त्यातील दूध तेवढे वेगळे करतो, अशी आपल्याकडील जुनी कविकल्पना आहे. या विद्येचा सारा इतिहास म्हणजे तो हंस घडवण्याचा प्रयत्न आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

चमचा, मेणबत्ती आणि दुधासारखे रक्त

अंगावर सूज येणे हे लक्षण माणसाला अनादिकाळापासून ठाऊक आहे. ती कशाने येते, हे मात्र दीर्घकाळ ठाऊक नव्हते. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली आपल्या रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. सूज आलेल्या काही रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवली, की ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी साकळते, आणि अशा रुग्णांच्या मृत्यूनंतर त्यांची मूत्रपिंडे रोगट झालेली आढळतात, असा संबंध त्यांनी दाखवून दिला. साकळणारा तो पदार्थ म्हणजे रक्तातील प्रथिन, मुख्यतः अल्ब्युमिन. जे रक्तात राहायचे ते लघवीवाटे वाहून जात होते. पुढे अनेक दशके मूत्रपिंडाच्या विकाराला ‘ब्राइटचा रोग’ असेच नाव होते.

त्या काळच्या डॉक्टरांच्या नजरेस आणखी एक गोष्ट आली होती. अशा रुग्णाचे रक्त काढून स्थिर ठेवले, की वर जमणारा रस नितळ पिवळसर न दिसता दुधासारखा पांढुरका दिसे. तो पांढुरकेपणा मेदाचा होता. त्याआधीच, १८१५ साली, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याने पित्ताशयातील खड्यांत सापडणाऱ्या मेदासारख्या पदार्थाला ‘कोलेस्टेरीन’ हे नाव दिले होते. आज आपण त्याला कोलेस्टेरॉल म्हणतो. मूत्रपिंड बिघडले की रक्त दुधाळ का होते, या प्रश्नाचे उत्तर मिळायला मात्र पुढची शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

ते उत्तर थोडक्यात असे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतील केशवाहिन्यांच्या गुच्छांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला बहुतेक सगळा पुन्हा शोषला जाऊन एक-दोन लिटर लघवी तेवढी बाहेर पडते. या गाळणीतून पाणी, क्षार, युरिया पार होतात, पण प्रथिने अडतात. काही विकारांत गाळणी सैल होते आणि अल्ब्युमिन गळू लागते. या अवस्थेला नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणतात. झालेली तूट भरून काढण्यासाठी यकृत दुप्पट जोमाने कामाला लागते. पण ते केवळ अल्ब्युमिन बनवून थांबत नाही. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे मेदप्रथिनांचे कणही ते अधिक बनवते. हे कण आकाराने मोठे असल्यामुळे सैल झालेल्या गाळणीतूनही गळत नाहीत. शिवाय त्यांचे विघटनही मंदावते. परिणामी रक्तात हवे ते कमी होत जाते आणि नको ते साचत जाते. २०० मिलिग्रॅमच्या आत असावे असे कोलेस्टेरॉल अशा रुग्णांत ३००-४०० च्याही पुढे गेलेले आढळते.

जळू, कलोडियन आणि एक नवा शब्द

गाळण्याच्या क्रियेला ‘डायलिसिस’ हे नाव स्कॉटलंडचा रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहम याने १८६१ साली दिले. मराठीत त्यासाठी ‘अपोहन’ असा शब्द आहे. चर्मपत्रासारख्या पातळ पडद्याच्या एका बाजूस मिश्रण आणि दुसऱ्या बाजूस पाणी ठेवले, तर मीठ-साखरेसारखे बारीक रेणू पडद्यातून पलीकडे जातात आणि डिंक किंवा प्रथिनासारखे मोठे रेणू अलीकडेच राहतात, हे त्याने दाखवले. शाळेच्या प्रयोगशाळेत पातळ पडद्याच्या पिशवीत स्टार्च आणि मीठ भरून ती पाण्यात बुडवली, तर काही वेळाने बाहेरच्या पाण्यात मीठ सापडते, स्टार्च सापडत नाही. कृत्रिम मूत्रपिंडाचे तत्त्व एवढेच आहे.

तत्त्व सोपे असले तरी जिवंत प्राण्याचे रक्त नळीतून वाहवायचे, तर ते गोठता कामा नये, ही पहिली अडचण होती. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन जेकब एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१३ साली कलोडियनच्या नळ्यांचे उपकरण करून त्यातून कुत्र्याचे रक्त गाळून दाखवले. रक्त गोठू नये म्हणून त्यांनी वापरले ते जळवांपासून काढलेले हिरुडिन. आपल्या सुश्रुतसंहितेत जळू लावण्याच्या विधीवर एक स्वतंत्र अध्यायच आहे. दूषित रक्त काढून टाकण्यासाठी आपल्याकडे जी जळू देहाला लावत, तिचाच रस येथे रक्त वाहते ठेवण्यासाठी कामी आला. पुढल्याच वर्षी याच मंडळींनी रक्तातील पेशी वेगळ्या करून त्या परत देण्याची आणि द्रवभाग तेवढा काढून घेण्याची क्रिया वर्णिली आणि तिला ‘प्लाझ्माफेरेसिस’ असे नाव दिले. आपल्या विषयाचे नाव या शब्दातूनच पुढे निघाले.

योगायोग असा, की त्याच १९१३ साली रशियात निकोलाय अनिचकोव्ह हे सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्या कशा कठीण होतात हे पाहत होते. रक्त गाळण्याचे शास्त्र आणि कोलेस्टेरॉलचे शास्त्र अशी ही दोन रोपे एकाच वर्षी जगाच्या दोन टोकांना रुजली. त्यांच्या फांद्या एकमेकींत गुंतायला अजून अर्धशतक जायचे होते.

जर्मनीतील गीसन येथे गेओर्ग हास यांनी १९२४ साली प्रथमच माणसाचे रक्त यंत्रातून गाळले. तो प्रयोग पंधराच मिनिटे चालला. पुढे हेपॅरिन हे रक्त न गोठू देणारे भरवशाचे द्रव्य मिळाले आणि जळवांची गरज संपली. पण हास यांच्या कामाची फारशी कोणी दखल घेतली नाही.

कांपेनचे लाकडी पिंप

रक्त गाळून माणूस खरोखर वाचवता येतो, हे सिद्ध केले ते नेदरलँड्समधील तरुण डॉक्टर विलेम कोल्फ यांनी. देश नाझींच्या ताब्यात होता, साहित्य मिळत नव्हते. कांपेन या लहानशा गावातील रुग्णालयात त्यांनी १९४३ साली लाकडी पट्ट्यांचे फिरते पिंप तयार केले. मांसाच्या सॉसेजसाठी वापरतात ती सेलोफेनची नळी त्याभोवती गुंडाळली आणि पिंपाचा खालचा भाग मिठाच्या पाण्याच्या टाकीत बुडेल अशी रचना केली. पिंप फिरे तसे नळीतील रक्त पाण्याच्या सान्निध्यात येई आणि त्यातील युरिया पाण्यात उतरे.

पहिल्या सोळा रुग्णांपैकी जवळजवळ सर्व दगावले. तरीही कोल्फ यांनी काम सोडले नाही. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची सोफिया शाफश्टाट ही स्त्री बेशुद्धावस्थेत त्यांच्याकडे आणली गेली. ती नाझींची साथीदार म्हणून तुरुंगात होती. युद्ध नुकतेच संपलेले होते आणि अशा बाईला वाचवू नये असे वाटणारे लोक गावात पुष्कळ होते. कोल्फ यांनी तिला यंत्राला जोडले, ती शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षे जगली. कृत्रिम मूत्रपिंडाने वाचलेली ही पहिली व्यक्ती. डॉक्टराने रुग्णाची योग्यता जोखायची नसते, हा धडा या विद्येच्या बालपणीच गिरवला गेला. कोल्फ यांनी आपल्या यंत्राचे हक्क राखून ठेवले नाहीत. युद्धानंतर त्यांनी आपली यंत्रे इतर देशांतील रुग्णालयांना देऊन टाकली.

खुर्च्या थोडक्या, रुग्ण फार

कोल्फ यांचे यंत्र काही दिवसांपुरते होते. प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि काही दिवसांत जागाच उरत नसे. म्हणून साप चावल्यामुळे, रक्तस्रावामुळे किंवा विषबाधेमुळे तात्पुरते बंद पडलेले मूत्रपिंड पुन्हा चालू होईपर्यंतच त्याचा उपयोग होई. कायमचे निकामी झालेल्यांना आशा नव्हती. ती दिली अमेरिकेतील सिएटल येथील बेल्डिंग स्क्रिबनर यांनी. मार्च १९६० मध्ये त्यांनी क्लाइड शील्ड्स या रुग्णाच्या हातात टेफ्लॉनची नळी कायमची बसवली. मृत्युशय्येवरचा तो माणूस त्यानंतर अकरा वर्षे जगला. १९६६ साली न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी हातातील रोहिणी आणि नीला एकमेकींना जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आज डायलिसिसवरील बहुतेक रुग्णांच्या मनगटावर किंवा दंडावर जी ‘फिस्टुला’ दिसते, हात लावल्यास थरथर जाणवते, ती हीच.

उपचार सापडताच नवा प्रश्न उभा राहिला. सिएटलच्या केंद्रात खुर्च्या थोडक्या होत्या आणि रुग्ण फार. कोणाला खुर्ची द्यायची हे ठरवण्यासाठी गावातील सात सामान्य नागरिकांची एक समिती नेमण्यात आली. त्यात धर्मोपदेशक होता, वकील होता, गृहिणी होती, कामगार पुढारी होता. वय, शिक्षण, मुलेबाळे, समाजातील उपयुक्तता यांचा विचार करून ही समिती जगणाऱ्यांची यादी करी. म्हणजेच उरलेल्यांची यादी आपोआप होई. १९६२ साली ‘लाइफ’ या साप्ताहिकातून ही हकीगत बाहेर आली तेव्हा अमेरिकेत मोठी खळबळ उडाली. अखेर १९७२ साली कायदा करून तेथील सरकारने या उपचाराचा बहुतांश भार स्वतःवर घेतला. यंत्र शोधण्यापेक्षा यंत्र सर्वांपर्यंत पोहोचवणे अवघड, हे तेव्हाच कळून चुकले. आपल्याकडे अशी समिती कधी नेमली गेली नाही, हे खरे. परंतु पैसा आणि अंतर या दोघांनी ते काम वर्षानुवर्षे मुकाट्याने केले.

भारतातील आरंभ

भारतात १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डायलिसिसचा आरंभ झाला. मे १९६५ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत व्यक्तीचे मूत्रपिंड रुग्णाला बसवण्याचा देशातील पहिला प्रयत्न केला. तो रुग्ण वाचला नाही, पण वाट पडली. केईएम आणि त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले ते भारतीय डॉक्टरांनीच तेथे शिकवावे व उपचार करावेत या स्वाभिमानी अटीवर. अशा संस्थेत हा प्रयत्न व्हावा, हे तिच्या परंपरेला साजेसेच होते. प्रत्यारोपणाला पहिले यश वेल्लोर येथे १९७१ साली आले.

डायलिसिस हा शब्द सर्वसामान्य भारतीयांच्या कानी पडला तो मात्र एका लोकनेत्यामुळे. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली आणि जयप्रकाश नारायण यांना अटक झाली. चंडीगढ येथे स्थानबद्ध असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले. १९७३ साली इंदिरा गांधींच्याच हस्ते उद्‌घाटन झालेल्या या रुग्णालयात डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली जयप्रकाशांचे रक्त नियमितपणे यंत्रातून गाळले जाऊ लागले. त्यांच्यासाठी स्वतंत्र यंत्र घ्यायचे ठरले, तेव्हा पंतप्रधानांकडून आलेला पैसा त्यांनी स्वीकारला नाही. लोकांनी वर्गणी करून यंत्र दिले. सत्तांतर घडवून आणणाऱ्या १९७७ च्या निवडणुकीच्या वेळी जयप्रकाश डायलिसिसवरच होते. मार्च १९७९ मध्ये तर त्यांच्या निधनाची चुकीची वार्ता थेट लोकसभेत जाहीर झाली, आणि ते जसलोकमध्ये जिवंत होते. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले. जवळजवळ चार वर्षे एक वृद्ध, मधुमेही माणूस यंत्राच्या आधाराने देशाच्या राजकारणाच्या मध्यभागी उभा राहिला. डायलिसिस म्हणजे मरण लांबवणे एवढेच नव्हे, तर जगणे आणि कर्तव्य करणेही होय, हे देशाने त्या वेळी पाहिले.

मेद गाळणारी नळी

आता आपल्या धाकट्या शाखेकडे वळू. डायलिसिसने युरिया निघतो, जादा क्षार आणि पाणी निघते. कोलेस्टेरॉल मात्र निघत नाही, कारण ते वाहून नेणारे मेदप्रथिनाचे कण पडद्याच्या छिद्रांपेक्षा फार मोठे असतात. वर्षानुवर्षे डायलिसिस घेऊनही रुग्णाचे कोलेस्टेरॉल त्यामुळे कमी होत नाही. त्यासाठी वेगळी गाळणी हवी होती.

तिची गरज प्रथम भासली ती मूत्रपिंडाच्या नव्हे, तर एका आनुवंशिक विकाराच्या रुग्णांसाठी. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलेल्या काही मुलांत जन्मतःच कोलेस्टेरॉल भयंकर वाढलेले असते, कातडीवर पिवळट गाठी येतात आणि ऐन पौगंडावस्थेत हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. यकृताच्या पेशींवरील कोलेस्टेरॉल उचलणारा ग्राहक त्यांच्यात नसतो वा निकामी असतो. अमेरिकेतील मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी हे उलगडून दाखवले आणि १९८५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा एका रुग्णाचा रक्तद्रव बदलण्याचा प्रयत्न पॅरिसमध्ये १९६७ साली झाला. १९७५ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात गिल्बर्ट टॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी रक्तद्रव बदलण्याची पद्धत नियमितपणे अवलंबिली. पण यात सगळाच रक्तद्रव टाकून द्यावा लागे. मेदाबरोबर अल्ब्युमिन, रोगप्रतिकारक प्रथिने, सारेच जाई आणि बदली द्रव बाहेरून द्यावा लागे. दुधासाठी पाणीच फेकून दिल्यासारखे ते होते.

नेमके तेवढेच वेचून काढणारी नळी १९८० च्या दशकात आली. जर्मनीत कलोन येथे प्रतिपिंडे बसवलेली नळी तयार झाली. गटिंगेन येथे हेपॅरिनच्या साहाय्याने मेदकण साकळवून गाळण्याची पद्धत निघाली. जपानमध्ये रक्तद्रव एकापाठोपाठ दोन गाळण्यांतून नेण्याची पद्धत आली आणि त्याखेरीज डेक्स्ट्रान सल्फेट लावलेल्या सेल्युलोजच्या मण्यांची नळी बनली. या शेवटच्या पद्धतीचे तत्त्व शाळेत शिकलेल्या विज्ञानाने समजण्यासारखे आहे. घातक मेदकणांवर जे प्रथिन असते त्यावर धन विद्युतभार असतो आणि डेक्स्ट्रान सल्फेटवर ऋण. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. रुग्णाच्या हातातून रक्त निघते, पहिल्या गाळणीत पेशी आणि रक्तद्रव वेगळे होतात, रक्तद्रव मण्यांवरून वाहतो, मेदकण मण्यांना चिकटतात, अल्ब्युमिन आणि उपकारक मेदप्रथिने पुढे निघून जातात, पेशींना मिळतात आणि दुसऱ्या नळीवाटे देहात परततात. नळ्या दोन असतात. एक काम करत असताना दुसरी मिठाच्या पाण्याने धुतली जाते. दोन-तीन तासांत घातक कोलेस्टेरॉल साठ-सत्तर टक्क्यांनी उतरते. हंसाने दूध वेचावे तसे हे वेचणे आहे. फरक एवढाच, की येथे दूध टाकायचे असते आणि नीर ठेवायचे असते.

मूत्रपिंडासाठी मेदाची गाळणी

कोलेस्टेरॉल वाढणे हा मूत्रपिंडाच्या विकाराचा नुसता परिणाम, की ते स्वतःही मूत्रपिंडाला इजा करते? लंडनच्या जॉन मूरहेड आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये असे मत मांडले, की रक्तात साचलेला मेद गाळणीच्या केशवाहिन्यांत जाऊन तिला आणखी खराब करतो. गळतीमुळे मेद वाढतो आणि मेदामुळे गळती वाढते, असे हे दुष्टचक्र. ते कोठे तरी तोडले पाहिजे, असा विचार जपानी डॉक्टरांनी केला.

फोकल सेगमेंटल ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस असे लांबलचक नाव असलेला एक विकार आहे. त्यात मूत्रपिंडाच्या काही गाळण्यांचा काही भाग चट्टे पडून कठीण होतो. मुलांनाही तो होतो. स्टेरॉइड आणि इतर औषधांना दाद न देणाऱ्या अशा रुग्णांत जपानी डॉक्टरांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कोलेस्टेरॉल गाळण्याचा उपचार करून पाहिला. कोलेस्टेरॉल उतरले यात नवल नव्हते. नवल हे, की काही रुग्णांत लघवीतून जाणारे प्रथिनही घटले, आणि आधी निरुपयोगी ठरलेली औषधे लागू पडू लागली. असे का होते, यावर अजून एकमत नाही. मेदाचा भार हलका होणे, औषध पेशींपर्यंत नीट पोहोचणे, गाळणी सैल करणारे एखादे द्रव्यही नळीत अडकणे, अशी अनेक स्पष्टीकरणे दिली जातात. जपानच्या विमा योजनेने हा उपचार मान्य केला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील बहुकेंद्री पाहणीत औषधांना दाद न देणाऱ्या नेफ्रॉटिक रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांची प्रकृती दोन वर्षांनंतर सुधारलेली आढळली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली मुलांसाठी आणि २०१८ साली प्रौढांसाठी या विकारात मर्यादित परवानगी दिली. तेथील क्रम नऊ आठवड्यांत बारा वेळा असा आहे.

या यशाचे माप नेमके घेतले पाहिजे. सुधारलेल्या निम्म्यांबरोबर न सुधारलेले निम्मेही आहेत. एका गटाला हा उपचार आणि दुसऱ्याला नेहमीचा, अशी चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेली मोठी चाचणी या विकारात झालेली नाही. काही औषधांशी त्याचे जमत नाही. रक्तदाबासाठी आणि मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी दिल्या जाणाऱ्या एका वर्गाच्या गोळ्या चालू असताना डेक्स्ट्रान सल्फेटची नळी वापरली, तर रक्तदाब धोकादायकपणे कोसळू शकतो. शिवाय सामान्य रुग्णासाठी कोलेस्टेरॉल उतरवण्याचा मार्ग गोळीचाच आहे. जपानचे आकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीपासून पहिले स्टॅटिन शोधले. आज या गोळ्या तालुक्याच्या गावीही मिळतात. २०११ सालच्या एका मोठ्या चाचणीत नऊ हजारांहून अधिक मूत्रपिंड-रुग्णांमध्ये अशा गोळ्यांनी हृदय व रक्तवाहिन्यांचे मोठे अपघात सुमारे एक-षष्ठांशाने कमी झाले. मात्र आधीच डायलिसिसवर असलेल्या रुग्णांत स्टॅटिन नव्याने सुरू करून पाहणाऱ्या दोन स्वतंत्र चाचण्यांत ठळक लाभ दिसला नव्हता. उपचार वेळेवर सुरू होण्याला किती महत्त्व आहे, हे यावरून ध्यानात येते.

सिहोऱ्याहून पाहताना

सिहोरा जबलपूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, कटनीच्या वाटेवर. १८७० साली हावडा आणि मुंबई यांना जोडणारा लोहमार्ग पुरा झाला तो जबलपूरला, आणि सिहोरा रोड स्थानक त्याच मार्गावर. जुना सात क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्गही येथूनच जबलपूर, शिवनी करत नागपूरला जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस सागरकर मराठे आणि मग नागपूरकर भोसले यांच्या अमलात हा मुलूख आला. पुढे रेल्वे, कारखाने, कचेऱ्या आणि शाळा यांनी आणखी मराठी कुटुंबे आणली. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे मोठ्या दुखण्याला नागपूर गाठण्याची सवय मराठी घरांत पुढेही टिकली. जबलपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९५५ साली सुरू झाले. ते आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते आणि त्याला जोडून सुपर स्पेशालिटी रुग्णालयही उभे आहे. २०१६ सालापासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस विनामूल्य देण्याचे धोरण आहे. सिएटलच्या समितीपुढील प्रश्नाला आपल्या देशाने दिलेले हे उत्तर आहे. ते पूर्ण नाही, पण दिशा योग्य आहे.

तरीही अंतर उरतेच. आठवड्यातून तीनदा जबलपूरला जाऊन येणारा सिहोऱ्याचा रुग्ण वर्षाकाठी सुमारे साडेबारा हजार किलोमीटर प्रवास करतो. त्याच्यासोबत घरातील एक माणूस असतो. त्या माणसाची मजुरी, दुकान वा शेतीचे दिवस बुडतात. कोलेस्टेरॉल गाळणारी विशेष नळी तर फार मोजक्या ठिकाणी आणि फार महाग. म्हणूनच या दीर्घ इतिहासातून आपल्यासारख्या गावाने घ्यायचा बोध ब्राइटच्या चमच्यापाशी आहे. सकाळी उठल्यावर मुलाचे डोळे सुजलेले दिसणे, पायांवर बोट दाबले असता खळगा राहणे, लघवीला साबणासारखा टिकून राहणारा फेस येणे, या खुणा दिसल्या तर लघवीतील प्रथिनाची तपासणी त्वरित करून घ्यावी. ती साधी आहे, स्वस्त आहे आणि तालुक्याच्या दवाखान्यातही होते. मुलांत आढळणारा नेफ्रॉटिक सिंड्रोम बहुसंख्य वेळा स्टेरॉइडच्या योग्य उपचाराने आटोक्यात येतो, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र औषध मनाने बंद करण्याचा मोह पालकांनी कटाक्षाने टाळावा. मोठ्यांनी मधुमेह आणि रक्तदाब यांवर लक्ष ठेवले, वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ आपल्या मनाने घेतल्या नाहीत, तर साडेबारा हजार किलोमीटरचा तो प्रवास अनेकांना कधीच करावा लागणार नाही.

या विद्येचा इतिहास घडवणाऱ्यांत रसायनशास्त्रज्ञ आहेत, डॉक्टर आहेत, सॉसेजची नळी आणि लाकडी पट्ट्या पुरवणारे कारागीर आहेत आणि वर्गणी देणारे सामान्य नागरिकही आहेत. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्यांत आज डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, शिक्षक, व्यापारी, शेतकरी असे सगळेच आहेत. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत मूत्र आणि रक्तदाब तपासणीचे शिबिर भरवले आणि डायलिसिसला जाणाऱ्या गावातील रुग्णांच्या प्रवासाला हातभार लावला, तर लोकवर्गणीतून आलेल्या त्या यंत्राची परंपरा आपल्या गावातही पुढे चालू राहील.